देवाचा कौल आणि दोन शहाळी

आगगाडीने ठाण्याहून कल्याण गाठायला फारसा वेळ लागत नाही; पण आमच्या ह्यांना विचार करायला वेळ हवा होता, म्हणून आम्ही कोपरीच्या खाडीकाठावरून होडीत बसायचे ठरवले. कल्याणच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीला शाळामास्तर हवा होता. कचेरीतली नोकरी सोडून तिथे जावे की नाही, हे देवाने स्पष्ट सांगावे असा ह्यांचा आग्रह. पावसाळा संपल्यापासून प्रार्थना चालली होती. देव बोलेना, म्हणून आता कल्याणच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांना विचारायचे होते. देवाने 'नको' म्हणावे, अशी माझी आपली गुपचूप प्रार्थना. ठाण्याचे घर, परसातली विहीर, माझ्या कोंबड्या सोडायच्या म्हटले की मी त्यांना मूठभर दाणे जास्तच टाकी.

तांडेल (होडी चालवणारा) भरती साधायची म्हणून घाई करीत होता. हे मात्र काठावर गुडघे टेकून बसले.

"पानी चाललाय, सायेब. देवाला होरीतून सांगा," तांडेल म्हणाला.

ह्यांचे आमेन होईपर्यंत भरती सरत आली होती. ओहोटी लागली आणि डोंबिवलीच्या अलीकडे होडी चिखलात रुतली ती रुतलीच.

आता पुढच्या भरतीपर्यंत उन्हात बसणे आले. मी भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी काढली. होडीत समोर बसलेल्या एका सोवळ्या आजींनी पदर नाकाला लावला. आगगाडीत कोण कुणाला शिवेल याचा नेम नाही, म्हणून त्या मुद्दाम होडीने निघाल्या होत्या, आणि वाट्याला आलो आम्ही! त्यांचा तांब्या कधीच कलंडला होता. ऊन चढले तसे त्यांचे ओठ सुकले. आमची सुरई भरलेली होती, पण ती पुढे करण्यात काय अर्थ?

हे बायबलात डोके घालून बसले होते. त्यांनी आजींकडे पाहिले, काठावरच्या माडांकडे पाहिले, पुस्तक माझ्या मांडीवर ठेवले आणि धोतर खोचून सरळ चिखलात उतरले. एक वहाण खाडीला अर्पण करून ते काठाला लागले. वाडीवाल्याकडून मागून घेतलेली दोन शहाळी बगलेत मारून परत आले.

"आजी, माझा हात वरच्या सालीला लागलाय. आतलं पाणी देवाने भरलंय."

आजींनी बराच विचार केला. "शहाळ्याला विटाळ नसतो," असा निकाल त्यांनीच दिला. तांडेलाने कोयता चालवला आणि दोन्ही शहाळी रिकामी झाली.

तरतरी आल्यावर चौकशी सुरू झाली. "कल्याणला काय काम काढलंस रे?"

"देवाचं मन कळत नाही, आजी. तिकडे राहायला जावं की नाही, ते वडीलधाऱ्यांना विचारायला चाललोय."

"मग मघाशी चिखलात उतरताना कुणाला विचारलंस?"

हे पायाचा चिखल खरवडत बसले. मला हसू आले, आणि पाठोपाठ भीती वाटली. आता आपले बिऱ्हाड हलणार, हे मला कळून चुकले होते.

कल्याणला पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. पाळकसाहेबांनी ह्यांचा अनवाणी पाय पाहिला, आम्हाला बसवले आणि उपदेशासाठी घसा खाकरला.

"शाळेची किल्ली कुणाकडे असते?" ह्यांनी विचारले. पाळकसाहेबांचा उपदेश घशातच राहिला.

परतताना आम्ही आगगाडीने आलो. विचार करण्यासारखे काही उरले नव्हते. वाटेत हे हळूच म्हणाले, "अगं, तुझं मन विचारायचं राहिलंच की."

खोटे कशाला सांगू, घरी येऊन विहिरीच्या काठावर पोटभर रडले. मग डोळे पुसले आणि पाटा-वरवंटा ओढत दाराशी आणून ठेवला. एवढे ओझे होडीनेच न्यावे लागणार होते. ह्यांना मात्र बजावून सांगितले, या खेपेस गुडघे टेकायचे ते होडीत बसल्यावर.