पानांचा आवाज थांबेपर्यंत

आमच्या चर्चच्या मंडळीत शास्त्रवाचनाची एक रीत आहे. वाचणाऱ्याने पुढे जाऊन स्तोत्राचा किंवा अध्यायाचा आकडा सांगायचा आणि थांबायचं. बाकांवरची माणसं आपापल्या बायबलमध्ये ती जागा शोधतात. पानांची सळसळ होते, विरत जाते, आणि ती पूर्ण थांबली की मगच वाचायला सुरुवात करायची. उपदेश पाळकसाहेबांचा, पण माझ्या जन्माआधीपासून हे वाचन बाबा करत होते.

बाबा नागपुरातल्या एका वसतिगृहाच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. शाळा सातवीपर्यंत. मेसमध्ये त्यांच्याशी बोलणं म्हणजे भाजीत मीठ जास्त झालं की कमी, एवढंच. पण रविवारी शिकलेली माणसंसुद्धा त्यांच्या आवाजामागून ओळीवर बोट फिरवत जायची. आमच्या घरचं बायबल मिटलेलं असताना कडेने पाहिलं, तर पानांच्या बरोबर मध्ये एक पिवळट पट्टा दिसतो. तिथे स्तोत्रं आहेत. तो पट्टा बाबांच्या हळदीच्या बोटांचा आहे.

मग शुगरने त्यांची नजर नेली. पूर्ण नाही, पण छापील अक्षर गेलं. एका रविवारी वाचता वाचता त्यांची ओळ हरवली. ते पान डोळ्यांजवळ नेत राहिले, दूर धरत राहिले. शेवटी मंडळीतल्या एका जुन्या पंचांनी बसल्या जागेवरून उरलेला भाग वाचून टाकला. त्यांनी मदतच केली होती. पण त्यानंतर बाबा चर्चला यायचे बंद झाले. विचारलं की म्हणायचे, "गुडघे दुखून राहिले." सोमवारी मात्र ते बाजारात पायी जायचे.

मी आमच्या घरातली कॉलेजला जाणारी पहिली. तरुण संघाच्या बायबल अभ्यासाला आम्ही सगळे मोबाईलच वापरतो, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. बसमध्ये उभ्याने पुढच्या आठवड्याचा अध्याय वाचायचा, एवढंच. एका दुपारी कूलरसमोर बसून मी तसंच वाचत होते. बाबांनी विचारलं, "काय पाहून राहिली वं?"

"बायबल."

आई आतून म्हणाली, "पोरगी मोबाईल पाहते अन् नाव बायबलचं सांगते."

मी बाबांना आधी ऐकण्याची सोय दाखवली. मला वाटलं, आता डोळ्यांची गरजच उरणार नाही. त्यांनी थोडा वेळ ऐकलं, मग म्हणाले, "चांगला वाचते हा माणूस. पण तो वाचून राहिला, मी नाही."

तेव्हा मी अक्षरं मोठी केली. मग आणखी मोठी. फोन आडवा धरला तर एका वेळी तीन-चारच शब्द मावत होते. इतकं मोठं करून कुणी वाचू शकेल असं मला वाटलं नाही. बाबा पुढे वाकले. एक शब्द वाचला. थांबले. दुसरा वाचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढं कर."

ते डोंगरांकडे डोळे वर करण्याचं स्तोत्र होतं, एकशे एकविसावं. मला ते लहानपणापासून पाठ आहे, म्हणजे मी ते कधीच वाचलेलं नाही. त्या दुपारी ते तीन-तीन शब्दांनी माझ्यासमोर आलं. 'डोळे' हा शब्द पडद्यावर बोटाएवढा उभा होता आणि बाबा त्याच्याकडे आपल्या उरलेल्या नजरेने बघत होते. मला हे नीट सांगता येतंय की नाही, माहीत नाही. पण परीक्षेसाठी भराभर पानं उलटणारी मी, त्या एका शब्दावर अडून राहिले.

मग रोजच ते बसू लागले. स्टुलावर फोन टेकवून, एका बोटाने पान वर सरकवत. पडद्यावर कणकेचे ठसे उमटायचे. एक दिवस त्यांनी स्वतःच सांगितलं, "पाळकसाहेबांले म्हण, या रविवारी मी वाचतो." आईने पोळी तव्यावर तशीच ठेवली आणि बाहेर येऊन त्यांच्याकडे बघितलं. पुन्हा ओळ हरवली तर ते परत कधीच चर्चची पायरी चढणार नाहीत, हे आम्हा दोघींना कळत होतं.

रविवारी दारातच पंच भेटले. "मोबाईल घेऊन उभा राहतो का गा? मधात सिलिंडरचा मेसेज आला त तोही वाचशील?"

"वाचीन ना भाऊ," बाबा म्हणाले. "तुमचाच नंबर लागला असन."

पंच हसले. मी फोनवरचं विमानाचं चिन्ह दाबून ठेवलं होतं, तरी पुन्हा एकदा तपासलं.

बाबांनी आकडा सांगितला आणि थांबले. सळसळ आधीइतकी नव्हती. निम्म्या लोकांच्या हातात आता फोन असतात. तरी ती झाली, विरली, आणि बाबांनी सुरुवात केली. आवाज तोच होता, फक्त शब्दांमध्ये जागा जास्त होती. रक्षण करणारा झोपत नाही, या भागापर्यंत ते आले आणि पान सरकवताना त्यांचं बोट आडवं गेलं. घरी फोन स्टुलावर असायचा. इथे त्यांनी तो हातात, चेहऱ्याजवळ धरला होता. आडवं बोट फिरलं की पुढचं स्तोत्र उघडतं, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

बाबा वाचत राहिले. पण आता ते एकशे बाविसावं वाचत होते. देवाच्या घरी जाऊ या असं लोक म्हणाले तेव्हा आनंद झाला, असं ज्यात आहे, ते.

मी अर्धी उठले. आईने माझं मनगट धरलं. "बस."

आणि मग तो आवाज आला. पुढच्या बाकावर पंचांनी पान उलटलं. हळूच, शेजाऱ्यापुरतं म्हणाले, "एकशे बावीस." मागे दुसरं पान वाजलं, तिसरं वाजलं, मग सगळीकडे सळसळ झाली. फोनवाले अंगठ्याने पुढे सरकले. कुणीही बाबांना चुकलं म्हणून सांगितलं नाही. सगळी मंडळी उठून त्यांच्यामागे त्या दुसऱ्या स्तोत्रात गेली.

बाबांनी तो आवाज ऐकला आणि ते थांबले. जसे कायम थांबायचे तसे, मान थोडी खाली घालून, शेवटचं पान शांत होईपर्यंत. मग ते स्तोत्र पहिल्या ओळीपासून वाचलं. देवाच्या नगरीच्या वेशीत आपली पावलं उभी आहेत, हा भाग आला तेव्हा मी त्यांच्या अनवाणी पावलांकडे बघितलं. मला पुढचं काही दिसेना.

परतताना बाबा बसमध्ये म्हणाले, "पानं वाजली अन् मले समजलं, वाट चुकली. पण सगळे येऊन राहिले होते मागं. मग कायले घाबरू?"

घरी आल्यावर ते पाणी प्यायले आणि त्यांनी फोन मागितला. "ते पहिलं अर्धंच राहिलं ना वं." मी एकशे एकविसावं उघडून दिलं. आईने पिशवीतून जुनं बायबल काढलं आणि हळदीच्या पट्ट्यावर अंगठा ठेवून ती पानं उलटू लागली. तिला जागा लवकर सापडेना.

बाबा फोन धरून थांबून राहिले.