परातीत पेरलेलं अक्षर

माझ्या मुलीला पहिलं अक्षर मी शिकवलं नाही. ते माझ्या मोठ्या जावेनं शिकवलं. जाऊ सातवी पास, मी डी.एड. एवढं लिहायला मला अकरा वर्षं लागली, म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकते.

तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. मी आंधळगावला एका खासगी बालवाडीत शिकवायला जायची. सकाळी स्कूटीवर निघायची ती दुपारी तीनला परत. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांकडून गाणी म्हणवून घ्यायची, आणि माझं लेकरू घरी जावेजवळ. आमच्याकडे जेठाच्या बायकोला मुलं मोठी आई म्हणतात. स्कूटीचा आवाज आला की मुलगी दारात यायची आणि तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आई, मोठ्या आईनं आज काय केलं, माहीत हाय?"

मोठी आई करायची तरी काय? चुलीतली राख घेऊन अंगणभर एक 'क' काढायची. मुलीनं तान्ह्या पोळ्याचा आपला लाकडी बैल त्या राखेवरून ओढत न्यायचा, वळणाला वळण घेत. बैल रेघेबाहेर गेला की जाऊ ओरडायची, "अवो पाटलीणबाई, बैल दुसऱ्याच्या बांधीत घुसला ना तुमचा!" पोर खिदळत बैल मागे घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. कधी भाकरीच्या पिठाचा 'म' थापून तव्यावर भाजायचा. वाचल्याशिवाय खायचा नाही. कधी साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवायची आणि मुलीनं डोळे मिटून, बोट फिरवून अक्षर ओळखायचं.

मी भंडाऱ्याहून चांगले चकचकीत तक्ते आणले होते. मुलगी त्यांच्यासमोर दोन मिनिटं बसायची आणि म्हणायची, "ह्याच्यावर बैल चालत नाही."

मला हेवा वाटायचा. आधी मी त्याला दुसरीच नावं दिली. मुलीला चुकीचं वळण लागेल, राखेनं खोकला होईल, असं काहीबाही. नवऱ्याजवळ तसं बोललेही. तो म्हणाला, "पोरगी शिकून राहिली ना? मग तुले काय होते?" मला काय होत होतं ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. शाळेत जाणारे दोन मुलगे होते जावेला, मुलगी नव्हती. तिला माझी मुलगी हवी आहे, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

त्या वर्षी धानाचे पऱ्हे टाकायचे दिवस आले. रोवणीआधी वाफ्यात रोपं तयार करतात, ते पऱ्हे. त्यासाठी बियाणं मिठाच्या पाण्यात बुडवायचं, पोचट दाणे वर तरंगले की काढून टाकायचे, आणि खाली बसलेलं बी साध्या पाण्यानं दोनदा धुवायचं. धुतलं नाही तर उगवत नाही. आमच्याकडे हे काम जावेचं. त्यातल्याच मूठभर बियाण्यानं तिनं नवा खेळ काढला. जुन्या परातीत बोडीतला, म्हणजे गावच्या लहान तळ्यातला, चिखल थापला, त्यात बोटानं अक्षर कोरलं आणि त्या खाचेत धान पेरलं. चार-पाच दिवसांत परातीत हिरवा 'क' उभा! मुलगी त्यावर तळहात फिरवत बसायची. शेजारच्या बाया बघायला आल्या. एक मला म्हणाली, "काय वो मास्तरीणबाई, तुमच्या शाळेत उगवते का असं?"

मी हसले.

दुसऱ्या परातीत मुलीनं स्वतः पेरलं. तिच्या नावाचं पहिलं अक्षर. एकेक दाणा तिनं चिमटीनं लावला म्हणे, अख्खी सकाळ. वर ओलं पोतं झाकून ठेवलं होतं. मी घरी आले तेव्हा सगळे वाफ्यावर गेले होते आणि मुलगीही त्यांच्याबरोबर. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, ती परात होती आणि बाजूला बियाण्याच्या मिठाच्या पाण्याची बादली. मी पोतं उचललं. बादलीत आणखी दोन मुठी मीठ टाकलं, हातानं ढवळलं आणि तांब्या भरून परातीत ओतलं. मग पोतं होतं तसं झाकलं, हात धुतले आणि चहा मांडला.

रागाच्या भरात हातून घडलं असं म्हणता आलं असतं. पण मीठ आणायला मी स्वयंपाकघरात गेले होते आणि परत आले होते.

मुलगी रोज पोतं उचलून बघायची. सहाव्या दिवशी रडायला लागली. सासूबाई सहज म्हणाल्या, "पोरीचा हात जड दिसते बापा." आमच्याकडे पेरणाऱ्याचा हात बघतात, पऱ्ह्याची पहिली मूठ घरातल्या लहान मुलीच्या हातून टाकतात. जावेनं परातीतला चिखल बोटावर घेतला, जिभेला लावला. माझ्याकडे बघितलं नाही. थुंकली आणि म्हणाली, "हात गीत काही नाही. पाणी जास्त झालं माझ्याच्यानं."

तिनं मला वाचवलं. आणि खरं सांगते, त्याचाही मला रागच आला.

नंतर तिनं परात धुऊन ठेवली आणि मला म्हणाली, "आता तूच शिकव वो बाई. मले काय येते?" मी तक्ते काढले. मुलगी वाचायला शिकली, नीट शिकली. पण दर वर्षी पऱ्ह्याच्या दिवशी ती हात मागे बांधून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहायची. जाऊ टोपली पुढे करायची, "टाक ना माय." मुलगी म्हणायची, "नको. माझ्या हातचं उगवत नाही." सुरुवातीला सगळे हसायचे. मग टोपली पुढे करणारी एकटी जाऊच राहिली. मी दर वर्षी तिथेच, चार पावलांवर उभी.

यंदा मुलगी चौदाची. पऱ्ह्याच्या सकाळी जाऊ अंगणात बी धूत होती आणि मुलगी केस विंचरत होती. मी तिला आत बोलावलं आणि सांगितलं. बादली, मीठ, तांब्या. का केलं, तेही सांगितलं.

तिनं फणीतले केस काढून गुंडाळले. मग म्हणाली, "मोठ्या आईले माहीत हाय?"

"हो. पहिल्यापासून."

"अन् तू दर साली पाहून राहिली होती?"

ती उठून बाहेर गेली. वाफ्यावर जाऊ टोपली पुढे करायच्या आधीच तिनं ती ओढून घेतली, मूठ भरली आणि टाकली. कच्ची फेक, एकाच जागी ढीग पडला. जाऊ म्हणाली, "अवो पाटलीणबाई, पसरवून टाका ना!" आणि दोघी वाकून बोटांनी दाणे सारखे करू लागल्या. डोक्याला डोकं लागलेलं.

तोच जुना हेवा पुन्हा वाटला. गेला नाही अजून. मी धुऱ्यावरून खाली उतरले, चपला काढल्या, आणि बोलावण्याची वाट न बघता त्यांच्या बाजूला चिखलात बसले. मुलगी सरकली नाही. जाऊ सरकली, माझ्यापुरती जागा करून.