तीन अँटिव्हायरस आणि एक बायोडेटा

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी नियम झाले. चपला बाहेर काढायच्या, हात पुसून बसायचं, पंखा त्याच्या दिशेला करायचा आणि उठताना त्याच्यावर आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर घालायचं. घरातल्या माणसांपैकी कुणाची एवढी बडदास्त ठेवल्याचं मला आठवत नाही. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती आणि आम्ही नवीन पनवेलला दोन खोल्यांत राहत होतो. आख्ख्या बिल्डिंगमध्ये कॉम्प्युटर आमच्याकडेच होता, त्यामुळे बाबा जिना जरा सावकाश उतरायचे.

त्या यंत्राला काम मात्र एकच होतं, बहिणीचा बायोडेटा सांभाळणं. बाबा ऑफिसातून निवृत्त झाले आणि त्यांनी तिच्या लग्नाचा चार्ज घेतला. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान. उरणला, बंदराजवळ, एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात होती. कंटेनरची कागदपत्रं दिवसभर कॉम्प्युटरवर बनवायची. म्हणजे घरात कॉम्प्युटर कळणारं माणूस एकच होतं, आणि साहजिकच त्या विषयावर ते माणूस सोडून बाकी सगळे बोलायचे. नोकरीवर तिचा जीव होता. सकाळी उरणची एसटी पकडायला ती ज्या हौसेने निघायची, त्या हौसेने मी सुट्टीच्या दिवशीही कधी उठलो नाही.

अशात पुण्याचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, स्वतःचा फ्लॅट, पत्रिकेत छत्तीसपैकी एकोणतीस गुण. अट एकच होती: लग्नानंतर मुलीने नोकरी करायची नाही, पुण्यातही नाही. बाबा फोनवर म्हणाले, "सोडेल की, त्यात काय!" आणि मी आज्ञाधारक मुलाप्रमाणे बायोडेटात ओळ टाइप केली, 'लग्नानंतर नोकरी सोडण्याची तयारी आहे.' ज्याची तयारी होती ते माणूस तेव्हा उरणला होतं. तिला हे संध्याकाळी चहाबरोबर कळलं. तिने कप विसळला आणि ती आतल्या खोलीत गेली. आम्ही दोघांनी तो होकार धरला. पुढच्या रविवारी मध्यस्थ पुण्याला जाणार होते, त्यांच्या हाती छापील प्रत द्यायची ठरली.

त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली की अमुक तारखेला एक व्हायरस जागा होणार आणि कॉम्प्युटरमधलं सगळं खाऊन टाकणार. बाबांनी लगेच पंचांग काढलं. त्या दिवशी अमावस्या नव्हती, तरीही त्यांचं समाधान होईना. "आपल्याला अँटिव्हायरस पाहिजे," ते म्हणाले, "पण पारखून."

आमच्या घरात पारखल्याशिवाय काही येत नसे. मिक्सर घ्यायचा तर बाबा पनवेलच्या बाजारातली सगळी दुकानं पालथी घालायचे आणि शेवटी पहिल्याच दुकानात परत यायचे. त्याच शिस्तीने आम्ही तीन उमेदवार गोळा केले. एक परदेशी, जो माझ्या ऑफिसातल्या एकाने कॉपी करून दिला होता. म्हणजे घराला पहारेकरी ठेवला तोच चोरीचा. दुसरा देशी, पुठ्ठ्याच्या खोक्यातून रीतसर विकत आणलेला. तिसरा एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरचा. आम्ही त्यांना परदेशी, देशी आणि फुकट्या म्हणायचो.

आता यांची तुलना करायची कशी? बाबांना एकच पद्धत येत होती. त्यांनी वहीत आठ रकाने आखले. वर्ण, एक गुण: दिसायला कसा आहे. वश्य, दोन गुण: सांगितलेलं ऐकतो का. ग्रहमैत्री, पाच गुण: बाकीच्या प्रोग्रॅमशी पटतं का. असं करत नाडीला आठ गुण: व्हायरस सापडतो की नाही. एकूण छत्तीस. मला हसू यायला हवं होतं, पण खरं सांगतो, मला ती पद्धत फार शास्त्रीय वाटली. मी ते रकाने कॉम्प्युटरवर नीट आखूनसुद्धा घेतले.

तिघांनाही एकदमच घरात घेतलं, कारण वेगवेगळं घेतलं तर पक्षपात होईल असं बाबांचं मत पडलं. परिणामी कॉम्प्युटर चालू व्हायला इतका वेळ लागू लागला की मधल्या वेळात आंघोळ उरकायची. शिवाय परदेशीला देशीमध्ये व्हायरस दिसला, देशीला परदेशीमध्ये दोन दिसले आणि फुकट्याने दोघांनाही धोकादायक ठरवलं. ग्रहमैत्रीचे गुण तिघांनाही शून्य. बहीण उरणहून येऊन पाण्याचा तांब्या हातात घेऊन मागे उभी होती. ती म्हणाली, "दादा, तिघं एकत्र नाही ठेवायचे. एकमेकांनाच चावतायत. एकच ठेव."

"तुलना चालू आहे," मी म्हणालो. ती हसली आणि पाणी प्यायली.

नाडीचा रकाना काही भरेना. आमच्या यंत्रात मुळात व्हायरसच नव्हता, त्यामुळे एकमेकांवरचे आरोप सोडले तर तिघेही 'सर्व ठीक' म्हणत होते आणि तिघांनाही आठ-आठ गुण द्यावे लागत होते. अशा बरोबरीला काय अर्थ! तेव्हा मी बाहेरून व्हायरस आणायचं ठरवलं. आज लिहितानाही मान खाली जाते, पण तेव्हा मी मोठ्या ताठ मानेने निघालो. फ्लॉपी हवी होती, आणि व्हायरससाठी कोरी फ्लॉपी वाया घालवण्याइतके उधळे आम्ही नव्हतो. टेबलावरची पहिली जुनी फ्लॉपी उचलली आणि खांदा कॉलनीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये गेलो. शेजारणीकडे विरजण मागावं तसं मी तिथल्या सरांकडे व्हायरस मागितला.

सर तिथल्याच गावातले. त्यांना जराही नवल वाटलं नाही. "व्हायरस? हाय ना," ते म्हणाले. "कंचा देऊ? आमच्याकं मशिनी चार न व्हायरस धा हायेत." त्यांनी फ्लॉपी आधी फॉर्मॅट केली, म्हणजे होतं नव्हतं ते पुसलं, आणि एक वर्डची फाइल टाकून दिली. "घरान उगडू नका पन," ते म्हणाले.

मी घरी येऊन उघडली. उघडल्याशिवाय परीक्षा कशी होणार? मग बाबांनी सांगितलं म्हणून बायोडेटाही उघडला, उंचीत अर्धा इंच वाढवायचा होता. आणि मग तिघांना आळीपाळीने कामाला लावलं. परदेशीने काही सापडलं नाही असं इंग्रजीत अत्यंत नम्रपणे कळवलं. देशीने फ्लॉपीवरचा व्हायरस पकडला आणि मोठ्याने शिट्टी वाजवली. बाबांनी खूश होऊन सहा गुण दिले. मग फुकट्याची पाळी आली. त्याने फ्लॉपीबरोबर कॉम्प्युटरमधलीही एक फाइल धरली आणि विचारलं, काढून टाकू का? बाबा म्हणाले, "टाक म्हणावं. बघू किती जोर आहे." मी 'हो' दाबलं. फाइलचं नाव वाचायचं मला सुचलं नाही. माझं सगळं लक्ष गुण लिहिण्यात होतं.

शनिवारी संध्याकाळी प्रत छापायला बसलो तेव्हा बायोडेटा जागेवर नव्हता. उघडताना त्यालाही व्हायरस लागला होता आणि फुकट्याने धरलेली फाइल तीच होती. "घाबरू नका, फ्लॉपीवर दुसरी कॉपी आहे," मी म्हणालो आणि फ्लॉपी शोधू लागलो. शोधता शोधता ती सापडली. तिच्यावर माझ्याच अक्षरात 'बायोडेटा' लिहिलं होतं आणि तिच्यात खांदा कॉलनीचा व्हायरस होता.

बाबा खुर्चीत बसले ते बसलेच. मला त्यांची दया आली, स्वतःची लाज वाटली, आणि देशीचा उगाचच राग आला. बहीण दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी मी टाइप करते. माझाच आहे."

रविवारी मी सगळ्यांच्या आधी उठलो. एकदा शेवटचं शोधावं म्हणून एकेक फोल्डर उघडत गेलो आणि फुकट्याच्या फोल्डरमध्ये मला ती फाइल मिळाली. त्याने ती पुसलीच नव्हती, नाव बदलून कोपऱ्यात कोंडून ठेवली होती. साफ केली असती तर अक्षर न अक्षर परत मिळालं असतं. मी बाबांना हाक मारणार, तोवर बहीण आली. मी मुकाट्याने ते बंद केलं आणि खुर्ची तिला दिली. सगळ्यांसमोर ऐटीत सांगावं असा माझा बेत होता.

ती दहा बोटांनी टाइप करायची. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. नाव, जन्मवेळ, शिक्षण, उंची, तीही खरी. मग एक ओळ न थांबता टाइप केली आणि छापायला सोडली. प्रिंटर करकरत होता तेव्हा मी ती ओळ वाचली: 'लग्नानंतरही नोकरी करणार आहे.'

बाबांनी कागद वाचला. चष्मा काढला, पुन्हा लावला, पुन्हा वाचला.

"हे कोणी विचारलंय तुला?"

"कुणीच नाही, बाबा. म्हणून लिहिलंय."

माझे कान तापले. तीन प्रोग्रॅमना मी आठवडाभर छत्तीस गुणांचे प्रश्न विचारत बसलो होतो, प्रत्येकाला दिसायला कसा आहेस असंही विचारलं होतं. तिला आम्ही एकही प्रश्न विचारला नव्हता. फार उशिरा कळलं, पण कळलं.

बाबा माझ्याकडे वळले. आवाज खाली आला होता. "ती जुनी फाइल कुठूनच मिळणार नाही का रे?"

"नाही बाबा," मी म्हणालो. "गेली ती. कायमची गेली."

बाबांनी कागदाची घडी घातली आणि पाकिटात सरकवली. बहिणीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पुसलेल्या फाइली कुठे जाऊन बसतात हे त्या घरात माझ्याखेरीज फक्त तिलाच ठाऊक होतं.