येळवशीला न मारलेली हाक

माझे मामेभाऊ अण्णा गेल्याची बातमी मला त्यांच्यावरच्या माहितीपटाच्या पोस्टरवरून कळली. फोटोत ते उगवत्या सूर्याकडे पाहत होते आणि खाली, जिथे निर्मात्यांची नावे असतात तिथे, अंत्यविधीची वेळ होती. अण्णांना ते आवडले असते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

नांदेडच्या महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर त्यांनी मुखेडजवळ जमीन घेतली, रासायनिक खत टाकायचे नाही, तणही उपटायचे नाही असे जाहीर केले आणि वहिनींना घेऊन ते रानात राहायला गेले. कुळवाची पाळी कधी घालायची ते त्यांना कळेना. शेजारचा मारोती बांधावरून हसायचा, "अण्णा, शेतीला शिकवायचं का शेती शिकायची, काय ठरलंय?" हसता हसता आपले बैल जुंपूनही द्यायचा. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आमच्याकडे सगळे रानात जेवतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, घालून पांडव पुजतात, पिकावर ताकातली आंबील शिंपडतात आणि वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. सुरुवातीच्या वर्षांत त्या दिवशी अण्णांच्या कोपीभोवती अख्खे शिवार असायचे. "नांदेडात माझ्या घरी इतकी माणसं कधी आली नाहीत," असे ते एकदा मला म्हणाले. शेतीतून त्यांना हवे होते ते बहुधा एवढेच.

मग पुण्याहून कॅमेरा आला. माहितीपटवाल्यांना येळवस हवी होती आणि महिना चैत्राचा होता. अहमदपूरच्या बाजारातून हिरवे कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, आणून काळ्या ढेकळांत खोचण्यात आले. पुढे कोप उभी राहिली आणि त्या तोडलेल्या धाटांवर अण्णांनी गंभीर चेहऱ्याने आंबील शिंपडली. बैल मारोतीचे, आंबील मारोतीच्या बायकोने केलेली. मारोतीच्या अंगात मात्र पँट होती, म्हणून त्याला बाजूला उभे केले.

"अण्णा, बैल दिसायलेत, अन् म्या कुठं हाय?"

"दृश्य मोडतं रे," अण्णा म्हणाले.

तो माहितीपट मी पाहिला आहे. त्यात बासरी आहे. अण्णा मूठभर मातीचा वास घेतात आणि निसर्ग आपल्याला बोलावत होता असे सांगतात. वीज गेली की ते चिडून मला फोन करत, तो भाग त्यात नाही. लोक तो पाहून रडतात म्हणे...

त्यानंतरच्या खऱ्या येळवशीला मी तिथे होतो. येळवशीची मिसळ भाजी, भज्जी, निवत होती. शेजारच्या कोपींमधून हसणे ऐकू येत होते, अण्णांकडे कुणी फिरकले नाही. वहिनी म्हणाल्या, "जा की, बांधावरून एक हाक तर मारा." "दरवर्षी येतात, त्यांना कळत नाही का?" असे म्हणून अण्णा बसून राहिले. अखेर नांदेडहून गाडीतून त्यांचे चाहते आले, कोपीपुढे फोटो काढून आंबट लागते म्हणून आंबील तशीच ठेवून गेले. पुढेही अण्णांनी हाक मारली नाही. शोकसभेत हाच माहितीपट दाखवला. एका वक्त्याने अण्णांनी गाव जोडले असे सांगितले, टाळ्याही पडल्या. सभेला गावातले कुणी नव्हते.

यंदाची येळवस त्यानंतर काही आठवड्यांतच आली. दुखवटा असल्याने कोप घालायची नव्हती, तरी वहिनी रानात गेल्या. सोबत मी होतो. बांधावर उभ्या राहून त्यांनी हाक मारली, "मारोती, आम्हाला जेवायला बसवता, का उपाशीच जाऊ?"

मारोती कोपीबाहेर आला. "वैनी, एवढी एक हाक मारायला किती दिस लावले ओ तुमी?"

जेवणे झाल्यावर तो आंबील घेऊन आपल्या पिकाला फेरी घालू लागला आणि फेरी संपल्यावर बांध ओलांडून अण्णांच्या तुरीत शिरला.

"तिकडं कशाला?" त्याच्या बायकोने विचारले.

"रानानं आपलं काय वाईट केलंय?"

तूर शेंगांनी वाकली होती. अण्णांच्या तत्त्वानुसार तिच्यात गुडघाभर तण होते. मारोती त्या तणाला मोठ्याने शिव्या देत चालला होता आणि शिंपडत होता.