बांधावरचा ऐन

किन्हवलीच्या स्टँडवर धाकट्या भावाने, दिनूने, माझी ट्रंक एसटीत चढवली. निरोपाचं काही बोलायचं सोडून मी त्याला बजावलं, "बांधावरच्या ऐनाची फांदी सोडू नको. एकदा सोडलीस की झाड त्यांचं."

तो हसला. "तू जा रे सायेब. मी हाय ना."

'त्यांचं' म्हणजे शेजारच्या काकाचं. ऐन दोघांच्या सामाईक बांधावर. भाताचं रोप टाकण्याआधी फांद्या-पाला पसरून जमीन भाजायची, तो आमच्याकडचा राब. फांदी नाही तर राब नाही.

त्या माघात दिनू फांद्या तोडायला झाडावर चढला. काकाचा मुलगा नामदेव झाडाखाली आला. आधी आईबहिणीवरून शिव्या, मग पाय धरून खेचला, मग कोयता. एक घाव आडव्या धरलेल्या हातावर, दुसरा मानेवर. रक्ताने भिजलेला तो पाला कोणी भाजला नाही.

दिनूच्या मातीला हैदराबादहून पोहोचलो तेव्हा मलाही कोणालातरी तोडायचं होतं. नामदेव कोठडीत होता, म्हणून काकाच्या दारावर कुऱ्हाड घातली. आत काकू एकटी ओरडत होती. दार फुटलं नाही.

परत जाऊन पीएचडीचा विषय बदलला: राब आणि बांधावरच्या झाडांचे तंटे. प्रत्येक ड्राफ्टमध्ये नामदेवला नव्याने ठेचलं, वर तळटीपा दिल्या. रडू यायचं ते फक्त संदर्भसूची जुळवताना. तिथे डोकं रिकामं असायचं.

सबमिट करण्याआधी ते प्रकरण आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "झाड लय लिवलंस. नाम्या लय लिवलास. दिन्याला झाडावर कोनी चढवला, ता नाय लिवलंस?"

तिला माहीत होतं. कोयता कमरेला लावताना दिनू तिला म्हणाला होता, "दादान सांगलंय."

मी ते लिहिलं. गाइडनी 'वैयक्तिक आहे, काढा' म्हणून खूण केली. ठेवलं.

बांधलेली प्रत घेऊन आलो, तर आईने हातही लावला नाही. "मना काय वाचतंस? तिकडं वाच." हनुवटी काकाच्या घराकडे.

गाव सोडलेल्या माझ्यासारख्यांनो, घर म्हटलं की मला आमचा उंबरा आठवत नाही. कुऱ्हाडीची खाच असलेलं ते दार आठवतं. मी ते वाजवलं.

"कोन हाय?"

नाव सांगितलं. आतून कडी सरकली, लागली. मी ओट्यावर बसलो आणि बंद दाराला, गाइडनी काढायला सांगितलेलं ते पान मोठ्याने वाचून दाखवू लागलो.