अंतरपाटाआडचे दोन उंदीर

रेशीमबागेचं मैदान आलं तेव्हा सुभद्रानं टोपली या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं, "अंजनाबाई, अजून किती वं?"

"सक्करदरा काही जागचा हलला नाही. चाल."

बर्डीपासून दोघी मैत्रिणी पायीच घरी, सक्करदऱ्याला, निघाल्या होत्या. वाटेत दोन रिक्षावाले थांबले, पण टोपलीतली खुसपूस ऐकून त्यांनी आत काय आहे म्हणून विचारलं, आणि अंजनाबाईनं सरळ सांगितलं, "उंदीर." लोणचं आहे म्हटलं असतं तर दोघी बसून आल्या असत्या. पण खोटं बोलणं अंजनाबाईला कधी जमलं नाही, आणि जमावं असं तिला वाटलंही नाही.

ते चौऱ्याहत्तर साल. अंजनाबाईनं बर्डीवरच्या एका कॉलेजात प्राण्यांची खोली अठरा वर्षं सांभाळली होती. पिंजरे धुवायचे, दाणापाणी करायचं, आणि पोरांच्या परीक्षा आल्या की कापायला उंदीर काढून द्यायचे. निवृत्तीच्या दिवशी इतरांना हारतुरे मिळतात. तिनं साहेबांना म्हटलं, हार नको, तो पांढरा द्या. तो कापश्या. वर्षभर तो तिच्या खोलीत एकटा राहिला. अलीकडे कोपऱ्यात अंग आखडून बसायचा, दाणा तसाच पडून राहायचा. "एकटा उंदीर म्हणजे अर्धा मेलेला उंदीर," अंजनाबाई म्हणाली आणि आज कॉलेजात जाऊन दुसरा घेऊन आली. डोक्यापासून खांद्यापर्यंत काळा, म्हणून टोप्या. उद्या कापायला त्याची पाळी होती.

"दोघंही नर," सुभद्रा म्हणाली. "पिल्लं होणार नाहीत, मग भ्यायचं काय? नेऊन सोडू एका पिंजऱ्यात."

अंजनाबाई रस्त्यातच थांबली. "सुभद्रे, माह्या नवऱ्यानं सवत आणली तेव्हा आम्हाले असंच एका खोलीत सोडलं होतं. ना सांगणं, ना विचारणं. तिनं मले बोचकारलं, मी तिले. महिन्याभरात ती माहेरी गेली ते गेलीच. वाईट नव्हती बिचारी. मधात पंधरा दिवस कोणी अंतरपाट धरला असता, तं दोघीबी राहिलो असतो."

एवढं बोलून ती पुन्हा चालू लागली. सुभद्रा टोपली जपून धरून मागून चालली.

पहिले पंधरा दिवस टोप्या सुभद्राच्या घरी न्हाणीजवळ राहिला. नवीन जनावर आजार घेऊन येतं, म्हणून त्याला हात लावला की अंजनाबाई साबणानं हात धुवायला लावी. मग तो मागच्या गल्लीत अंजनाबाईच्या खोलीवर गेला. दोन पिंजरे, मध्ये वीतभर जागा, आणि त्या जागेत दोरीवर टाकलेलं जुनं लुगडं. याच्या अंथरुणातली चिंधी त्याच्याकडे, त्याची याच्याकडे. आधी वास ओळखीचा व्हावा, मग तोंड.

शेजारची कौशल्या दारातून डोकावली आणि हसून हसून वाकली. "अंतरपाट धरला म्हणते! दोन्ही नवरदेव, अन् नवरी कोठं वं?"

"नवरी नाही म्हणून तं जमून राहिलं," अंजनाबाई म्हणाली.

कौशल्याचं हसणं घरमालकाच्या कानावर गेलं. चंपतराव गणपतीचे मोठे भक्त. पण उंदीर त्यांना चांदीचाच आवडे. दारातूनच म्हणाले, "अंजनाबाई, एक चालवून घेतला. संकष्टीले मी येतो. माह्या घरात दुसरा पिंजरा दिसला, तं खोली खाली करा."

"अन् पिंजरा एकच दिसला तं?"

"तं माहं काही म्हणणं नाही."

"कौशल्ये, ऐकलं ना वं?" अंजनाबाईनं मोठ्यानं विचारलं.

संकष्टीला आठ दिवस होते. तेवढ्यात दोघांचं जमलं नाही, तर एकाला परत कॉलेजात, म्हणजे कापायच्या टेबलावर. अंजनाबाईनं तिसऱ्या दिवशी लुगडं काढलं. दोघं गजाशी येऊन हुंगून गेले. आता समोरासमोर आणायचं, पण जागा दोघांनाही परकी हवी. तिच्या खोलीवर कापश्याचा हक्क, सुभद्राच्या न्हाणीवर टोप्याचा. सुभद्राचं देवघर मात्र दोघांनीही पाहिलं नव्हतं. सुभद्रानं फरशी पुसून घेतली, निरांजन लावलं, आणि गणपतीच्या वाहनाचं येणं म्हणून मनोभावे दोघांच्या मधोमध एक मोदक ठेवला.

कापश्या मोदकाकडे गेला. टोप्याही गेला. कापश्यानं अंगावरचे केस फुगवले, पाठीची कमान केली आणि तो टोप्याच्या अंगावर आडवा चालून गेला. क्षणात दोघांचा एक गोळा झाला. सुभद्रा हात घालणार तोच अंजनाबाई ओरडली, "हात नको! बोट जाईन!" आणि तिनं दोघांच्या मध्ये सूप घातलं. टोप्याच्या कानातून रक्त येत होतं.

सुभद्राच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "माझ्यामुळं झालं. देवासमोर रक्त सांडलं."

"देवानं पाह्यलं आहे, तो समजून घेईन," जखम मिठाच्या पाण्यानं पुसता पुसता अंजनाबाई म्हणाली. "मोदकाची चूक नाही वं. एकाची आहे. दोघांत एक ठेवला की भांडण ठेवलं."

कौशल्या म्हणाली, आता सोडून द्या, नाही जमणार. अंजनाबाईनं तिच्यासमोरच लुगडं पुन्हा दोरीवर टाकलं.

कान चार दिवसांत सुकला. संकष्टीच्या सकाळी दोघं पुन्हा देवघरात आले. या वेळी भिजवलेले हरभरे फरशीभर विखुरलेले, लपायला दोन पुठ्ठ्याचे डबे, दोन्हींना दोन-दोन दारं. सुभद्रा स्तोत्र पुटपुटत होती. अंजनाबाई सूप घेऊन टपून बसली होती. कापश्यानं टोप्याला उताणं पाडलं. टोप्या चिरकला.

"सोडव वं!" सुभद्रा म्हणाली.

"चिरकू दे. केस फुगले नाहीत, रक्त नाही. मोठा कोण ते ठरवून राहिले."

दोनदा पाडापाडी झाली. मग कापश्या टोप्याची मान चाटू लागला. तरी अंजनाबाई उठली नाही. दोन तास बसून राहिली. त्यानंतरच तिनं दोन्हींतला मोठा पिंजरा सोड्यानं घासून धुतला, जुन्या वासाची एकही चिंधी ठेवली नाही, आणि दोघांना त्यात सोडून पुन्हा समोर बसली.

चंपतराव चार वाजता आले. खोलीत पिंजरा एकच; दुसरा सुभद्राच्या न्हाणीत गेला होता. आत एकमेकांवर मान टाकून दोन उंदीर झोपलेले.

"हे काय? दोन आहेत!"

"तुम्ही पिंजरे मोजायले आले ना मालक? मोजा."

"मले शिकवता?"

"तुमचाच शब्द आहे. कौशल्या साक्षीले आहे. तिनंच तं बातमी पोचवली होती."

कौशल्या पदरात तोंड लपवून हसली. चंपतरावांनी पिंजऱ्यात वाकून पाहिलं. टोप्यानं झोपेतच पाय ताणला. "भांडत नाहीत?" त्यांनी विचारलं.

"भांडले ना. मंग थांबले."

ते गेले, आणि खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

अंजनाबाई मात्र हसली नाही. लुगड्याची घडी करता करता म्हणाली, "सुभद्रे, उंदराचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं. कापश्या पहिले जाईन. हा पुन्हा एकटा पडन. तेव्हा मी म्हणन, आता नको, माह्यानं होत नाही. लोकंबी तेच म्हणतीन. तू माहं ऐकू नको. ही टोपली घेजो, अन् मले हाताले धरून बर्डीपर्यंत चालत नेजो."