बांध कोरणारा काऊबॉय

दत्तू आज सकाळी गेला, आणि त्याला सॉरी म्हणायचं माझं राहूनच गेलं.

एक-दोन दिवस नाही. पन्नास वर्षं राहिलं.

तोंडावर म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहितोय. ज्यांना हसायचंय त्यांनी हसावं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. संगमनेरला कॉलेजच्या हॉस्टेलवर आम्ही रूम पार्टनर. मी देवळाली प्रवऱ्याचा, उसाच्या हिरव्यागार पट्ट्यातला. दत्तू आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतकडचा, कोरड्या माळावरचा.

रविवारी सकाळी गावातल्या पत्र्याच्या थेटरात इंग्लिश पिक्चर लागायचा. काऊबॉयचा असला की आम्ही आंघोळसुद्धा न करता पळायचो.

काय होतं त्या पिक्चरमध्ये? आपले हिंदीतले हीरो गुळगुळीत दाढी करून बागेत गाणी म्हणायचे. आणि हे! आठ-आठ दिवसांची दाढी, घामट तोंडं, अंगभर धूळ. बोलणार कमी, बघणार जास्त. नुसतं एकमेकांकडे बघण्यात पाच-पाच मिनिटं घालवायचे, आणि आम्ही श्वास रोखून बसायचो.

पहिल्याच पिक्चरला दत्तू ओरडला, "आयला, ह्ये तर आमच्याच माळावर काढलंय! बाभळी तेवढ्या न्हाईत!"

आता अडचण एकच. इंग्लिश कुणाच्या बापाला कळत होतं?

मग दत्तू सांगायला लागला.

बाकावर बसून, मोठ्यानं, अख्ख्या थेटराला. पुढून कुणीतरी विचारायचं, "दत्तू, काय म्हन्ला रं त्यो?"

"सख्खं भाऊ हायेत दोगं. थोरल्यानं बांध कोरलाय. धाकटा म्हनतोय, दादा, हुता तिथं बांध घाल, न्हाईतर आज एक जन ऱ्हाईल."

बांध कोरणं म्हणजे काय ते आमच्या जिल्ह्यात सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. नांगरताना दरवर्षी चार बोटं बांध खायचा आणि भावाची जमीन गुपचूप आपल्यात ओढायची.

पिक्चर कुठलाही असो, दत्तूच्या गोष्टीत भांडण बांधाचंच. बँक लुटली तरी बांध. रेल्वे उडवली तरी बांध!

आणि शेवटी ते दोघं उन्हात समोरासमोर उभे राहिले, पडदाभर नुसते डोळे दिसायला लागले, की दत्तूचा आवाज एकदम खाली यायचा.

"डोळं बारीक केल्यात ते उन्हानं न्हाई बरं का. भावावर बंदूक धरलीया. रडू आवरतोय त्यो."

माझ्या मागे बसलेला एक दांडगा ट्रक ड्रायव्हर टॉवेलनं नाक पुसताना मी बघितलाय.

मग तो रविवार आला.

त्या आठवड्यात इंग्लिशच्या पेपरात मी वर्गात पहिला आलो होतो. दत्तूची दुसऱ्यांदा दांडी उडाली होती. माझ्या शेजारी सीनियर पोरं बसलेली, त्यांच्यासमोर मला शहाणपणा दाखवायचा होता.

दत्तूनं नेहमीसारखा बांधाचा विषय काढला, आणि मी मोठ्यानं म्हणालो,

"बांध कसला डोंबलाचा! सोन्यासाठी भांडताहेत ते! इंग्लिशमध्ये दोनदा नापास झालास, आता तरी गप बस की!"

थेटर खो खो हसलं.

दत्तू माझ्याकडे बघून म्हणाला, "व्हय का? मग तू सांग."

मला काय सांगता येणार? खरं सांगतो, 'गोल्ड' हा एक शब्द सोडला तर मलाही ओ का ठो कळलं नव्हतं.

पुढचा पाऊण तास सगळ्यांनी नुसता पडदा बघितला. कुणीच काही विचारलं नाही. दत्तू त्यानंतर थेटरात कधीच बोलला नाही. माझ्याशी दोस्ती ठेवली, रागावला नाही, टोमणा मारला नाही. फक्त मला "मास्तर" म्हणायला लागला.

पुढे मी खरंच इंग्लिशचा मास्तर झालो. जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, पगार घेऊन.

दत्तूच्या लग्नाला कर्जतकडे गेलो तेव्हा कळलं. शेजारच्याच वावरात राहणारा सख्खा चुलता लग्नाला आला नव्हता. बांधावरून वडलांचं आणि त्याचं बोलणं बंद. बारा वर्षं!

म्हणजे हा पोरगा दर रविवारी थेटरात आपल्या घरचं सांगत होता. आणि मी त्याला गप बसवलं.

आणखी एक मला फार उशिरा कळलं. या पिक्चरना स्पगेटी वेस्टर्न म्हणतात. काढलेले इटलीवाल्यांनी, नट चार देशांचे, जो तो आपापल्या भाषेत बोलायचा. इंग्लिश नंतर वरून चिकटवलेलं.

मग दत्तूनं मराठी चिकटवलं तर माझं काय जात होतं?

मागच्या महिन्यात त्याला भेटायला गेलो. खाटेवरच होता. नातवानं मोबाईलवर त्या रविवारचाच पिक्चर काढून दिला, सबटायटलसकट. ते दोघं समोरासमोर आले तसं मी विचारलं, "दत्तू, काय म्हणतोय रे तो?"

दत्तूनं पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसला.

"खाली लिवलंय की, मास्तर. वाच."

तेव्हा म्हणायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं.

मी म्हणालो, "आवाज वाढवू का?"

आज दुपारी त्याच्याच वावरात अग्नी दिला. पलीकडून त्याचा चुलतभाऊ आला, त्याच अबोल्यातल्या चुलत्याचा मुलगा. बांधापर्यंत आला आणि तिथंच थांबला. आता त्याचेही केस पिकलेत. डोळे बारीक करून चितेकडे बघत होता.

शेजारचा कुणीतरी म्हणाला, "ऊन लई हाय आज."

मी म्हणालो, "ते उन्हानं नाही."

आणि मलाच हुंदका फुटला.

दत्तू, तुझं भाषांतर बरोबर होतं. माझं चुकलं रे. माफ कर.

जा आता सुखानं, मित्रा. आणि तिथं कुणी गप बस म्हणालं तर ऐकू नकोस.